फेसाची वाटी

सकाळी पावणेसातला आमच्या न्हाणीघरातून एक आवाज यायचा आणि आतल्या खोलीतून बायको ओरडायची, "अरे, ती घंटा बंद कर आधी!"

घंटा कसली, स्टीलची आमटीची वाटी होती ती. तिच्यात मी दाढीचा ब्रश फिरवत असे. ब्रशच्या मुठीचं कडं काठाला लागलं की वाटी खण्णकन वाजायची. फेस जमेपर्यंत पन्नासेक वेढे घालावे लागतात, म्हणजे पन्नासेक वेळा वाजायची. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा लिफ्टमध्ये कौतुकाने विचारलं होतं, "तुमच्याकडे रोज साग्रसंगीत पूजा असते का हो?"

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने फेस करायचं भांडं शोधण्यात चार वर्षं घालवावीत, ही काही चारचौघांत मिरवायची गोष्ट नाही. पण घालवली खरी. सुरुवात मानेवरच्या पुरळापासून झाली. डब्यातून फुस्सकन येणारा फेस आणि पाच पात्यांचा रेझर हे दोन्ही सोडून दिले, एका पात्याचा जुना लोखंडी रेझर काढला, ब्रश आणला, साबण आणला. पुरळ गेलं, पण त्याची जागा या वाटीच्या नादाने घेतली.

खरं तर बाबांना कधी वाटी लागली नाही. त्यांची दाढी मी लहानपणी खिडकीच्या कट्ट्यावर बसून बघायचो. गजाला तारेने अडकवलेला आरसा, खाली जुन्या वर्तमानपत्राचे हाताने फाडलेले चौकोन, शेजारी पितळी तपेलीत गरम पाणी. ॲल्युमिनियमच्या उथळ डबीत साबणाची गोल वडी बसवलेली असायची. वडी झिजून पापडासारखी झाली की नवीन वडी ओली करून तिच्यावरच दाबून बसवायची, म्हणजे जुनी फुकट जात नाही. बाबा ब्रश तपेलीत बुडवायचे, वडीवर दहा-बारा वेळा फिरवायचे आणि उरलेलं काम थेट गालावर करायचे. रेझरवरचा फेस वर्तमानपत्राच्या तुकड्याला पुसायचा, तुकड्याची घडी घालायची, पुढचा तुकडा. पातं बोथट झालं की काचेच्या पेल्यात आडवं धरून आतल्या गोलाईवर बोटाने पुढेमागे घासायचे आणि आणखी दोन दाढ्या काढायचे. त्यानंतर ते पातं आईच्या शिवणाच्या डब्यात उसवणकामासाठी आणि शेवटी माझ्या कंपासपेटीत पेन्सिलीसाठी. या सगळ्या संसारात फेस करायला वेगळं भांडं हवं, असं कोणी म्हणालं असतं तर बाबांनी चष्म्यावरून नुसतं बघितलं असतं.

त्यामुळे एक गोष्ट आधीच कबूल करतो. फेसाला वाटी लागतेच असं नाही. तळहातावर होतो, गालावर होतो. पण गालावर ब्रश फार वेळ घोळवला की माझी कातडी लाल होते, आणि तळहातावर केलेला निम्मा फेस कोपरापर्यंत ओघळतो. म्हणून वाटी.

आता फेस म्हणजे काय, तर हवा, पाणी आणि साबण यांचं जमलेलं तिघांचं भांडण. साबण जास्त झाला तर पेस्ट होते, पाणी जास्त झालं तर भांडी घासताना येतात तसे मोठे बुडबुडे. सुरुवातीला बुडबुडे मोठेच येतात. ब्रश फिरत राहिला की ते मोडून बारीक होत जातात आणि शेवटी डोळ्यांना बुडबुडा दिसेनासा होतो, नुसती चमक दिसते. तो टप्पा महत्त्वाचा. कारण फेसाचं काम दिसायला पांढरं असणं नाही, केसाशी पाणी धरून ठेवणं हे आहे. पाणी प्यालेला केस मऊ पडतो आणि तो कापायला कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो. चांगला फेस म्हणजे उभ्या गालावर दोन-तीन मिनिटं टिकून राहिलेलं पाणी.

दाढीचा साबण अंगाच्या साबणापेक्षा वेगळा असतो तोही यासाठीच. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, आणि नुसत्या सोडियमऐवजी पोटॅशियमचा क्षार वापरलेला असतो. सोडियमने वडी कडक होते, पोटॅशियमने मऊ आणि पाण्यात चटकन विरघळणारी. हे सगळं मला कळलं ते आमच्या सोसायटीत एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले तेव्हा. खडकवासल्याचं पाणी असतं तोवर फेस गुणी मुलासारखा वागायचा. बोअरचं जड पाणी आलं की तोच साबण, तोच ब्रश, तोच हात, आणि वाटीच्या कडेला राखाडी साका. पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि न विरघळणारा चोथा करून टाकतं. मी दोष मात्र वाटीला देत होतो. बिचारी बदलली गेली. आता उन्हाळ्यात फिल्टरचं अर्धा पेला पाणी बाजूला काढतो, घरातल्यांचं लक्ष नसताना.

स्टीलची वाटी गेली आणि चिनी मातीचा मग आला. दिसायला देखणा, निळी फुलं, कान धरायला सोयीचा. आवाज मऊ. पण मग उंच आणि अरुंद असतो; ब्रशचे केस तळाशी नीट उमलतच नाहीत, मुठीची टक्कर मात्र होते. माझ्या ब्रशच्या केसांचा जुडगा 24 मिलिमीटर जाड आणि केस 5 सेंटिमीटर लांब. दाबून फिरवला की तो फुलासारखा पसरतो आणि सहा-सात सेंटिमीटरचं वर्तुळ व्यापतो. त्याच्या भोवती बोट-दीड बोट मोकळी जागा हवी, म्हणजे आतली रुंदी दहा-अकरा सेंटिमीटर. खोली मुठीपेक्षा थोडी जास्त. हे गणित आज सांगतोय एवढं साधं आहे, पण ते कळायच्या आधी त्या मगाने साबणाने ओल्या झालेल्या हातातून उडी मारली आणि फरशीवर देह ठेवला.

मग स्वयंपाकघरातला जुना दगडी खल. एक चांगली गोष्ट त्यानेच शिकवली, ती पुढे सांगतो. पण वजन दोन किलोच्या आसपास, हातात धरून वापरण्याचा प्रश्नच नाही. शिवाय त्यात तीस वर्षं आलं आणि वेलदोडे कुटलेले. चहाच्या वासाची दाढी मी तीन दिवस केली. चौथ्या दिवशी चहालाच साबणाचा वास आला आणि तो प्रयोग घरातल्या वरिष्ठांच्या आदेशाने थांबला.

रत्नागिरीकडचा एक मित्र म्हणाला, "अरे करवंटी घे. आमच्याकडे दवला करवंटीचा, मापटं करवंटीचं, तुला वाटीच तर हवी." मला ते एकदम पटलं. फुकट, हलकी, आवाज शून्य, हातात बसायला जन्मतःच तयार. नारळ नीट दोन भागांत फोडला, बाहेरची शेंडी कानशीने काढली, पॉलिश पेपर मारला, खोबरेल चोळून दोन दिवस ठेवली. काळीभोर तुकतुकीत झाली. पहिल्या सकाळी पाणी घातलं आणि माझ्या पायावर धार. मी डोळ्यांकडची बाजू घेतली होती. नारळाच्या तीन डोळ्यांपैकी एक कच्चा असतो, कोंब त्यातूनच बाहेर येतो. खोबऱ्याचा आधार गेल्यावर तो डोळा उघडला. दुसरी, बिनडोळ्यांची बाजू छान चालली. आत्तापर्यंतच्या सगळ्यांत तीच आवडती होती. पण गरम पाणी आणि कोरडं पडणं, परत गरम पाणी आणि परत कोरडं पडणं, याला लाकूड किती दिवस सोसणार? जुलैमध्ये आत बुरशीचे ठिपके आले आणि दिवाळीच्या आसपास काठापासून तळापर्यंत एक केसाएवढी चीर गेली.

काशाच्या वाटीचा किस्सा तर आईच्या समोर काढायचीही सोय नाही. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने चोळायची पद्धत आमच्याकडे अजून चालू आहे, उन्हाळ्यात डोळ्यांची आग होते तेव्हा. वाटी सुबक, जड, तळ गोल. मी ती एकदा गुपचूप नेली. पहिल्या वेढ्यालाच ती अशी घुमली की आई जपमाळ ठेवून दारात. कासं म्हणजे तांबं आणि कथील, ढोबळमानाने चारास एक. देवळातल्या घंटाही याच जातीच्या धातूच्या. वाजणारच. पण आईचा आक्षेप आवाजावर नव्हताच.

"पायाला चोळायची वाटी तू तोंडाला वापरतोस?"

मी म्हणालो, "अगं, तोंडाला नाही, फेसाला."

"आणि फेस कुठे लावतोस?"

यावर उत्तर नव्हतं. पण वाटी काढून घेऊन जाताना तिने तिच्यातल्या फेसात बोट घातलं, अंगठ्याने चोळून पाहिलं आणि दारातच थांबली. म्हणाली, "हे तर शतधौत घृतासारखं झालंय रे." तिची आई ते घरी करायची. तांब्याच्या ताम्हनात साजूक तूप घ्यायचं, गार पाणी घालून तळहाताने फेटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी, असं शंभर वेळा. शेवटी तूप पांढरंशुभ्र, हलकं, मलमासारखं होतं. भाजल्यावर, भेगांवर लावायला. मी विचारलं, ताम्हनच का? आई म्हणाली, तांब्याचा गुण म्हणतात, पण आमचं ताम्हन आतून सगळं ठोक्याठोक्यांचं होतं, तूप त्याला धरून राहायचं, हाताबरोबर नुसतं घसरत जायचं नाही.

खलाने शिकवलेली गोष्ट ती हीच. खलात फेस निम्म्या वेळात जमायचा, कारण त्याचा तळ खरखरीत होता. गुळगुळीत वाटीत ब्रश आणि साबण दोघं एकमेकांना धरून गोल गोल घसरत राहतात. देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखे, आत कोणी जात नाही. तळाला उंचसखल असलं की केस अडतात, वाकतात, सुटतात आणि प्रत्येक वेळी सुटताना थोडी हवा आत ओढतात. इतके दिवस मी वाटीचा आकार, रंग, कान, काठ बघत होतो. बघायचा होता तळ.

पुण्यात तांब्याचं काही करून घ्यायचं म्हणजे कसब्यातल्या तांबट आळीत जायचं. पेशवाईपासून त्वष्टा कासारांची ही वस्ती, आणि अजूनही गल्लीच्या तोंडाशी पोचण्याआधी ठोके ऐकू येतात. पूर्वी बंब, घंगाळी आणि हंडे घडवणारे हात आता बरेचसे पाण्याच्या बाटल्या, दिवे आणि हॉटेलांच्या शोभेच्या वस्तू करतात. घडवलेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून ठोके मारत जायचे, याला मठारणं म्हणतात. त्याने भांड्यावर ती माशाच्या खवल्यांसारखी चमक येते. पण मठार नुसता शोभेसाठी नसतो, ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि टणक होतो. मी ज्यांच्याकडे गेलो ते सत्तरीच्या पुढचे होते. मांडीजवळ हातोड्यांची रांग, कानात कापसाचे बोळे. मी काय हवंय ते वहीत काढून नेलं होतं, मापांसकट.

त्यांनी वहीकडे बघितलंही नाही. "ह्यात काय करायचं?"

"दाढीचा फेस."

कापूस काढून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. ते शेजारच्या मुलाकडे बघून हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, "मग ब्रश घेऊन या."

दुसऱ्या शनिवारी ब्रश घेऊन गेलो. त्यांनी तो कोरडाच आपल्या तळहातावर दाबून फिरवला, थांबवला, उलटा फिरवला. मला म्हणाले, "तुम्ही करून दाखवा." मी त्यांच्या तळहातावर, सकाळी अकरा वाजता, भर गल्लीत, कोरड्या ब्रशने अदृश्य फेस केला. त्यांनी खडूने पत्र्याच्या तुकड्यावर एक वर्तुळ काढलं, आत दुसरं. "तुमचा हात मध्यभागी थांबतच नाही. ब्रश ह्या दोन रेघांमधून जातोय. तर मधे साधं ठेवू, ह्या पट्टीत दाणे काढू." माझ्या वहीत दाणे सगळीकडे होते. मी वही पिशवीत टाकली.

नेहमीचा मठार बाहेरून मारतात आणि त्याचे पैलू बाहेर दिसतात. आतल्या बाजूला त्याची अगदी फिकट सावली उतरते. मला तर दाणे आत हवे होते. वाटी घडवून झाल्यावर लाकडाच्या ओंडक्यावर उपडी घालून बाहेरून बोथट गोल टोकाच्या खिळ्याने एक-एक दाणा आत दाबावा लागला. मधे मधे वाटी भट्टीत लाल करून पाण्यात सोडायची. "तांबं मारलं की आखडतं, तापवलं की सैल होतं," ते म्हणाले. धातुशास्त्राच्या पुस्तकात याला मोठी नावं आहेत, पण माझ्या लक्षात आखडणं आणि सैल होणंच राहिलं.

वाटी हातात आली तेव्हा मी रस्त्यातच तीन वेळा पिशवीतून काढून बघितली. रंग नवीन तांब्याचा, जो दोन दिवसच टिकतो आणि म्हणून जास्त आवडतो. आवाज जवळजवळ नाही, नुसतं खस्स-खस्स. वीस वेढ्यांत फेस, तोही असा की वाटी उपडी केली तरी हलणार नाही. बायको म्हणाली, "आज घंटा नाही?" आणि परत झोपली. मी विजयी मुद्रेने आरशात बघत राहिलो.

आठवड्याभरात तीन कटकटी पुढे आल्या. पहिली, ब्रशचे केस तुटायला लागले. डुकराच्या केसांचा ब्रश होता, तो चिवट असतो, तरी सिंकमध्ये रोज चार-पाच केस. दाणे जास्त टोकदार झाले होते. कारागिरांनी वाटी उलटसुलट केली, बोट फिरवलं आणि "जास्तच उत्साह झाला माझा" म्हणून आतून हलक्या हाताने एकेक दाणा बसवला. पैसे घेतले नाहीत. आज त्या दाण्यांवरून बोट फिरवलं तर साबुदाण्यावरून फिरवल्यासारखं लागतं.

दुसरी कटकट आईने ओळखली. एका रविवारी मी वाटी न धुता तशीच ठेवून गावाला गेलो. परत आलो तर आत वाळलेल्या फेसाची कड हिरवट-निळी. आई लांबूनच म्हणाली, "कळकलं ते." लहानपणी पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की हा शब्द ऐकायचो. ताकातलं आम्ल जसं पितळेला धरतं, तशी साबणातली स्निग्ध आम्लं तांब्याला धरतात आणि हिरवा साबण तयार होतो. चेहऱ्याला लावायची इच्छा होण्यासारखा तो नव्हता. म्हणजे कल्हई आली.

कल्हईवाला आमच्या लहानपणी गल्लीत बसायचा, आता आपण त्याच्याकडे जायचं. कारागिरांनीच पत्ता दिला. चिंचेने आणि वाळूने वाटी लख्ख घासून त्याने निखाऱ्यांवर धरली. भात्याच्या जागी आता छोटा विजेचा पंखा आहे. तापलेल्या वाटीत नवसागराची चिमूट टाकली तसा पांढरा धूर नाकात गेला आणि मी एकदम आठ वर्षांचा झालो. कथलाची कांडी टेकवली. कथील 232 अंशांनाच वितळतं, तांब्याला पत्ताही लागत नाही. कापसाच्या बोळ्याने ते पाऱ्यासारखं पसरवलं, पाण्यात चर्रर्र, झालं. मला भीती होती की कल्हईने दाणे बुजतील. पण तो थर इतका पातळ असतो की दाणे जसेच्या तसे, फक्त चंदेरी. आतून चांदणं, बाहेरून तांबडं. इतकी सुंदर वस्तू मी न्हाणीघरात ठेवतो याचं अजून वाईट वाटतं.

तिसरी कटकट मात्र मी स्वतःच्या मूर्खपणाने विकत घेतली होती. फेस कोमट राहावा म्हणून लोक जाड चिनी मातीची भांडी घेतात, आणि मी घेतलं तांबं. तांब्यातून उष्णता स्टीलच्या सुमारे 25 पट सहज वाहून जाते. वाटी गरम पाण्याने ऊन करावी, तर दुसऱ्या गालापर्यंत फेस थंडगार. जानेवारीत तर अंगावर काटा यायचा. बरेच दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही.

उपाय माळ्यावर होता. बाबांची पितळी तपेली. बुटकी, तोंड बाहेर वळलेलं, एका बाजूला पोचा. बाबा गेल्यावर तिचं पाणी तापवायचं काम संपलं आणि ती जुन्या भांड्यांत गेली. गुढीपाडव्याची साफसफाई करताना काढली, आणि का कोण जाणे, वाटी तिच्या तोंडावर ठेवून बघितली. वाटीचा गोल तळ तपेलीच्या तोंडात बोटभर उतरला आणि बसला. तपेलीत कढत पाणी ओतलं. मिनिटाभरात वाटी तळातून तापली, कारण तांब्यातून उष्णता जशी बाहेर पळते तशी आतही पळत येते. विलायतेत असं दुहेरी भांडं पूर्वीपासून आहे. खालच्या पोकळीत गरम पाणी, वर फेस. पण ते वाचून सुचलं असं मी म्हणणार नाही. माळ्यावर सापडलं.

फक्त वाटी डुगडुगायची. मी दोन्ही घेऊन पुन्हा आळीत. कारागिरांनी तपेली हातात घेतली, नखाने टिचकी मारली, "जुनं पितळ आहे, विकू नका," म्हणाले. मग वाटीच्या पोटावर, जिथे तपेलीचं तोंड टेकतं तिथे, बाहेरून एक उथळ खाच फिरवून दिली. आता वाटी टक्कन बसते आणि हलत नाही. ती जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भांड्यावर अशी बसणार नाही.

तपेलीवर नाव आहे, बाबांचं नाही, देणाऱ्याचं. लग्नात आलेल्या भांड्यांवर असायचं तसं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: "मामांकडून सप्रेम". कोणते मामा, ते आईलाही आता सांगता येत नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे तीन मामांनी तीन तपेल्या दिल्या होत्या. भांड्यांच्या दुकानातलं ते नाव घालायचं टर्रर्र करणारं यंत्र आठवलं आणि वाटलं, वाटीवरही नाव घालावं.

हा मोह फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर फळीच असायची, आणि तिच्यावर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग ओळीने मांडलेले, प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत नाव. काहींवर त्या माणसाचा धंदाही रंगवलेला: खाटकाचा बैल, रेल्वेवाल्याचं इंजिन. एकाचा फेस दुसऱ्याला लागून त्वचेचे रोग पसरू नयेत, ही एक भीती त्यामागे होती. पण फळीवर आपला मग असणं म्हणजे गावात आपण कोणीतरी असणं, हेही होतंच. मग सेफ्टी रेझर आला. जिलेटने 1903 साली अवघे 51 रेझर आणि 168 पाती विकली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा 90 हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांना रेझर वाटले, ते घेऊन माणसं घरी आली आणि घरीच दाढी करू लागली. फळीवरचे मग हळूहळू संग्राहकांच्या कपाटात गेले. आपल्याकडे गावचा न्हावी धोकटीतून छोटी पितळी वाटी काढायचा, गिऱ्हाइकाच्या घरचं पाणी घ्यायचा आणि साबणाशिवाय नुसत्या ओल्या बोटांनी गाल चोळून मऊ करायचा. तिथे वाटी न्हाव्याची, पाणी यजमानाचं. नाव कोणाचंच नाही.

दुकानात गेलो, यंत्रवाल्याने वाटी फिरवून बघितली. "मठारावर अक्षर नीट उमटत नाही," म्हणाला. "आतून घालू?" मी आतली कल्हई बघितली, दाणे बघितले आणि वाटी परत घेतली.

तर आता रोज सकाळी तपेलीत पाणी, वर वाटी. ब्रश आधी दोन मिनिटं त्याच पाण्यात, मग झटकायचा, वडीवर फिरवायचा, वाटीत यायचं. पाणी थेंबाथेंबाने. मुलगा ट्रिमर घेऊन दीड मिनिटात बाहेर पडतो आणि जाताना "बाबा, अजून चालूच?" म्हणतो. मी मान हलवत नाही, कारण तोवर रेझर गळ्यापाशी असतो.

गेल्या महिन्यात एका दाण्यावरची कल्हई गेली. तिळाएवढं तांबं दिसायला लागलं. दुसऱ्या कल्हईला आता न्यायला हवी, या विचारात वाटी ओट्यावर ठेवली होती तर बायकोने उचलून नीट निरखली, आतून बोट फिरवलं. श्रीखंडाला चक्का फेटताना पुरणयंत्राचा कंटाळा येतो, हिच्यात कसा फेटला जाईल, असं तिला वाटलं. माझ्या वाटीत चक्का? मी हादरलो. "तुझी नको रे," ती म्हणाली. "मला मोठी करून आण."

शनिवारी आळीत गेलो. त्यांनी कापूस काढला.

"आता ह्यात काय करायचं?"

"चक्का फेटायचाय."

"आंबट आहे, कल्हई जाड लागेल." मग थोडं थांबून म्हणाले, "बाईंना घेऊन या. आणि त्या ज्याने फेटतात तो डावही."